सरूखालची जागा

ओदिल सकाळी डोंगरउतारावरच्या कांद्याच्या पट्टीवर चढून आली, तेव्हा तिच्या वाफ्यात एक माणूस मरून पडला होता.

निदान तिला तरी तसंच वाटलं. दोन उंच सरूंच्या मधोमध, उपटून वाळत घातलेल्या कांद्यांच्या ओळीत तो सरळसोट उताणा पडला होता. हात छातीवर, डोळे मिटलेले, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. चांगला तरुण दिसत होता. तिच्या हातातली टोपली गळून पडली. ओरडून उपयोग नव्हता. डोंगराच्या या अंगाला तिच्याशिवाय राहत तरी कोण होतं...

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "पाय पुरतात का रे?"

"पुरतात, आजोबा," मेलेला माणूस डोळे न उघडता म्हणाला. "पण मानेखाली कांदा आलाय."

आता मात्र ओदिल किंचाळली. तोही दचकून उठून बसला. त्याच्या केसांत कांद्याची सालं अडकली होती आणि चेहरा तिच्याइतकाच पांढराफटक पडला होता.

"माफ करा," तो उठून कपडे झटकत म्हणाला. "आम्हाला वाटलं, इथे कुणी नसेल. मी जरा... माप घेत होतो."

"कसलं माप?"

"कबरीचं." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, घाई काही नाही. आजोबा अगदी ठणठणीत आहेत."

त्याचं नाव आबेल वियाला. आलेस शहरात तो लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि खांदे सरळ करायचा. खाली गाडीत बसले होते ते त्याचे आजोबा, एली. वय नव्वदीच्या पुढे, गुडघे गेलेले, त्यामुळे चढ चढणं अशक्य. पण नातवाची उंची बरोब्बर आजोबांएवढी. म्हणून त्यांनी त्याला वर पाठवलं होतं, जागा पुरते का ते आडवं होऊन बघायला.

ओदिल तरातरा खाली उतरली. चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवूनच उतरली होती. पण एली आजोबांनी गाडीच्या खिडकीतून टोपी काढून तिला असं अदबीनं अभिवादन केलं की तिचे पहिले दोन शब्द जिभेवरच विरले. मग आजोबांनी सांगायला सुरुवात केली. कॅथलिक राजाच्या काळात सेवेनच्या या डोंगरात प्रोटेस्टंटांना गावच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. मग जो तो आपलं माणूस आपल्याच शेतात ठेवी आणि दगडाऐवजी सरू लावी. या दोन सरूंखाली कोंबमाल घराण्याची माणसं पुरलेली होती. पुढे घर विकलं, शेत विकलं, पण विकताना नोटरीसमोर लिहून घेतलं की ही एवढी जागा वंशजांसाठी कायमची राहील. आजोबांची खापरपणजी कोंबमालांची मुलगी. एक जागा अजून रिकामी होती, आणि ती आपली, असं आजोबा लहानपणापासून ऐकत आले होते.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक कागद काढला. तपकिरी शाई, लफ्फेदार अक्षर. पहिलं पान तेवढं शाबूत होतं, पुढची पानं उंदरांनी खाल्ली होती.

ओदिलच्या कानांत एकच गोष्ट घुमत होती, आपल्या वाफ्याखाली माणसं पुरलेली आहेत. ती स्वतः मूळची सपाट प्रदेशातली, उत्तरेकडची. तीन वर्षांपूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडून तिनं ही जमीन घेतली, तेव्हा तिला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. सरू वाऱ्याला आडोसा म्हणून असतील, असं तिला वाटलं होतं.

"मी तिथे तीन वर्षं कांदे लावतेय," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे," आबेल मागून म्हणाला. "मागच्या आठवड्यात बाजारात तुमच्याकडूनच घेतले. फार गोड निघाले."

तिनं वळून पाहिलं, तर तो गंभीर चेहरा करायची पराकाष्ठा करत होता आणि ओठांचे कोपरे त्याचं ऐकत नव्हते.

*

ओदिलनं नाही म्हणून सांगितलं. स्पष्ट, त्याच दिवशी. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या तिच्या पट्ट्यांमध्ये तीच एक पट्टी खरी कसदार होती. सकाळचं ऊन तिथे, झऱ्याचं पाणी तिथे. तिथली लागवड गेली तर निम्मं पीक गेलं, आणि मग या डोंगरात टिकून राहणं कठीण होतं. शिवाय रोज सकाळी खुरपं घेऊन कुणाच्या पायाशी बसायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

आबेलनं वाद घातला नाही. दफनाची परवानगी जिल्ह्याच्या कार्यालयातून आणावी लागते, त्यासाठी मूळ दस्त लागेल, तोवर काहीच होणार नाही, असं म्हणून तो गेला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. आजोबांनी चेस्टनटचा जॅम पाठवला होता. त्याच्या पुढच्या रविवारी बकरीच्या दुधाचं चीज. तिसऱ्या रविवारी तो रिकाम्या हातानं आला.

"आज काय पाठवलंय आजोबांनी?" तिनं विचारलं.

"आज त्यांना माहीत नाही मी इथे आलोय ते."

ती दारातून बाजूला झाली. आत आल्यावर तो म्हणाला, तुमचा उजवा खांदा दुखतो. तिनं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाला, तुम्ही कॉफीचं भांडं डाव्या हातानं उचलता आणि मग स्वतःवरच चिडता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, कुठे कसं दाबायचं ते दाखवलं, आणि हात लगेच काढून घेतला... जरा जास्तच लगेच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओदिलला खांद्याची आठवण येत राहिली. दुखण्याची नव्हे.

त्यानंतर तिला रविवारचा राग येईनासा झाला आणि सोमवारचा यायला लागला. आपण याच्याशी भांडतोय, हे ती स्वतःला अधूनमधून बजावायची. तोही हसून विचारायचा, "मग, आज जागा देताय?" ती म्हणायची, "आज कॉफी देतेय, तेवढ्यावर भागवा." आणि दोघं दगडी कठड्यावर बसून खालच्या दरीत ढग उतरताना बघत बसायची.

*

मूळ दस्त नीम शहरातल्या अभिलेखागारात होता. ऑक्टोबरातल्या एका धो धो पावसाच्या दिवशी दोघं मिळून तिथे गेली. एकट्यानं वाचलं तर दुसऱ्याचा विश्वास बसायचा नाही, असं कारण दोघांनीही दिलं. ते कारण खोटं आहे हेही दोघांना माहीत होतं.

वाचनकक्षातल्या बाईंनी फितीनं बांधलेला गठ्ठा आणून ठेवला. १८४१ साल. नोटरीचं अक्षर म्हणजे ओल्या पायांनी मुंग्या चालत गेल्यासारखं. एक एक शब्द लावायला दोघांची डोकी कागदावर इतकी जवळ वाकली होती की तिच्या ओल्या केसांचं पाणी त्याच्या बाहीवर ठिबकत होतं. त्यानं हात हलवला नाही.

"'विकणारा झाँ कोंबमाल,'" आबेल हलक्या आवाजात वाचू लागला, "'दोन सरूंमधली जागा आणि तिथवरची पायवाट आपल्या वंशजांच्या दफनासाठी कायमची राखून ठेवतो.' ऐकलंत? कायमची."

"ऐकलं. पुढे वाचा."

"'पायवाट गाडं जाईल एवढी रुंद असावी.'"

"गाडं नाही," ती बोट ठेवून म्हणाली. "गाढव लिहिलंय."

"माझ्या आजोबांना गाढवावरून न्यायचं?"

"कागदात आहे ते आहे."

ती खुसखुसली. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आबेलनं शहाण्या मुलासारखा चेहरा केला, पान उलटलं आणि जिंकल्याच्या सुरात पुढचं वाचायला घेतलं.

"'मात्र—'"

तो थांबला.

ओदिल वाट बघत राहिली. तिला वाटलं, अक्षर लागत नाहीये. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या हसण्यातला जीवच गेला. तिनं कागद आपल्याकडे ओढला.

'मात्र माझी मुलगी मार्थ, जिनं बापाचा शब्द मोडून कॅथलिक वियालाशी लग्न लावलं, ती, तिची मुलं आणि त्यांच्या पुढच्या सर्व पिढ्या यांना या जागेत प्रवेश नाही. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.'

खाली बापाची सही होती. आणि त्याखाली नोटरीनं बारीक अक्षरात नोंदवलं होतं, 'मार्थ वियाला समक्ष हजर. सही करण्यास सांगितलं असता तिनं नकार दिला.'

ओदिलनं ते दोनदा वाचलं. त्या खोलीत, त्या बापासमोर, एक मुलगी उभी होती. तिच्यासमोर हे मोठ्यानं वाचलं गेलं होतं, आणि मग तिच्या हातात लेखणी दिली गेली होती.

आबेल बाहेर पायऱ्यांवर येऊन थांबला. पाऊस छपराच्या कडेवरून पडद्यासारखा खाली येत होता.

"आयुष्यभर," तो म्हणाला. "आयुष्यभर आजोबा गावाला सांगत आलेत, माझी जागा सरूखाली आहे म्हणून." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "जिंकलीस तू."

इतके दिवस तो तिला तुम्ही म्हणत होता. अशा वेळीसुद्धा ते तिच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं याची तिला लाज वाटली.

"मला असं जिंकायचं नव्हतं," ती म्हणाली.

परत येताना गाडीत तिनंच सुचवलं. जमीन माझी आहे. मी मालक म्हणून संमती दिली तर दस्ताची गरजच पडणार नाही. आजोबांना काही कळायचं कारण नाही. निम्मं पीक जाईल, तर जाईल. आबेलनं गाडी कडेला थांबवली. स्टिअरिंगवरचा हात उचलून त्यानं तिच्या हातावर ठेवला आणि या वेळी लगेच काढला नाही.

*

एली आजोबा 'ला कॉस्तेत' नावाच्या गावात, चर्चमागच्या घरात राहत. सूप उकळत होतं. आबेलनं आत शिरतानाच सांगून टाकलं की सगळं व्यवस्थित आहे, दस्त सापडला, परवानगी मिळेल.

आजोबा उठले. भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते काळा कोट घालून. प्रार्थनेला जाताना घालायचा तो. बटणं वरपर्यंत लावलेली.

"पोरी, नक्कल आणलीस ना? वाच," ते खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "पूर्ण वाच. अख्ख्या जन्मात पहिल्या पानापुढे ऐकलं नाही मी."

ओदिलनं पिशवीतून कागद काढले. पहिलं पान वाचलं. गाढवाशी आजोबा हसले. मग तिनं पान उलटलं. आबेल आजोबांच्या खुर्चीमागे उभा होता. त्यानं मान हलवली. नको... तिला कळत होतं. दोन ओळी गाळायच्या, बस. तिनं तोंड उघडलं आणि समोर तो कोट दिसला, मानेपर्यंत लावलेली बटणं दिसली, कानामागे धरलेला हात दिसला. या माणसासमोर तिला खोटं वाचता येईना.

ती वाचत गेली. मार्थनं नकार दिला, इथपर्यंत.

सूप उतू गेलं, तरी कुणी हललं नाही. आजोबांचा हात अजून कानामागेच होता, जणू पुढे आणखी काही येईल. मग ते सावकाश उठले. कोट काढला. खुंटीवर अडकवायला गेले तो खाली पडला, तर उचललाही नाही. आत गेले आणि दार लावून घेतलं.

ओदिल दाराशी जाऊन म्हणाली की जमीन माझी आहे आणि जागा मी देतेय, आनंदानं. आतून आवाज आला, पण तो खणखणीत नव्हता. "दिलेली जागा नको मला."

आबेल तिला अंगणापर्यंत सोडायला आला. त्याचा चेहरा रागानं बदलून गेला होता.

"दोन ओळी गाळल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?"

"मार्थ गळाली असती."

"ती कधीच मेलीय. हा माणूस जिवंत आहे." तो थांबला. मग शांतपणे म्हणाला, "तुम्ही जा आता."

पुन्हा तुम्ही. त्या एका शब्दानं तिच्या तोंडावर दार बंद झालं.

*

पुढचे आठवडे पाऊस डोंगर धुऊन काढत होता. झऱ्याला पूर आला, चेस्टनट काट्यांसकट गळून वाटेवर सडले. ओदिलनं सरूंमधली जागा तशीच सोडली. तिथे खुरपं लावायला तिचा हात धजेना. तिनं आबेलला दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. रविवार आला की ती कॉफी दोघांपुरती करायची आणि एकटीच प्यायची.

नोव्हेंबर लागला, तेव्हा एका सकाळी फोन आला. एली आजोबा होते.

"पोरी, गाडी घेऊन ये. आबेलला सांगू नकोस. आणि येताना वाटेत शेवंतीची कुंडी घे. पिवळी."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आजोबांच्यात, म्हणजे प्रोटेस्टंटांत, कबरीवर फुलं ठेवत नाहीत, हे आता तिलाही माहीत झालं होतं. पण तिनं कुंडी घेतली.

आजोबांनी गाडी शेजारच्या गावातल्या कॅथलिक दफनभूमीकडे न्यायला लावली. मृतांच्या स्मरणाच्या सणाचे दिवस, सगळ्या कबरी शेवंतीनं भरलेल्या. तिच्या खांद्याचा आधार घेत आजोबा पुढे निघाले ते थेट मागच्या भिंतीपर्यंत, जिथे एकही फूल नव्हतं. तिथे गवतात एक बुटका दगड होता. त्यावर नाव एवढंच, मार्थ.

आजोबा सांगत होते. लहानपणी त्यांचे आजोबा दर वर्षी इथे येऊन या दगडाभोवतीचं गवत काढायचे, पण ही कोण ते कधी सांगायचे नाहीत. परवा झोप येत नव्हती, तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. मार्थनं आपला प्रोटेस्टंट पंथ सोडला नव्हता, मुलांनाही त्यातच वाढवलं होतं. म्हणून नवऱ्याच्या शेजारी तिला जागा मिळाली नाही, भिंतीकडेला एकटीला ठेवलं. बापानं तिकडून हाकललं, पाद्र्यानं इकडे ढकललं.

"आता दफनभूमी नगरपालिकेची आहे," आजोबा म्हणाले. "मी काल फोन करून विचारलं. भिंतीकडची जागा कुणी मागतच नाही. मी मागितली."

"इथे? तुम्हाला?"

"मग कुणाला? सगळं घराणं तिच्या पोटचं, आणि ती इथे एकटी. मी आयुष्यभर तिच्या बापाच्या शेजारी झोपायची वाट बघत होतो, पोरी. काय म्हणावं मला."

ओदिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजोबांनी तिला कुंडी ठेवायला सांगितली, आणि ती जरा डावीकडे, जरा उजवीकडे, असं तिच्याकडून चारदा हलवून घेतली.

तेवढ्यात फाटक वाजलं. आबेल धावत येत होता, विनाछत्रीचा, चिंब. घरी आजोबा नाहीत म्हटल्यावर त्यानं अख्खं गाव पालथं घातलं होतं, आणि शेवटी इथल्या रस्त्यावर त्याला ओदिलची गाडी दिसली होती. त्यानं दगड पाहिला, नाव वाचलं, कुंडी पाहिली आणि जागच्या जागी उभा राहिला. आजोबांनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि तिसऱ्या वाक्यात, मला आता थंडी वाजतेय, मी गाडीत बसतो, माझ्यामागे कुणी येऊ नका, असं म्हणून काठी टेकत निघून गेले.

दोघंच उरली. पाऊस आता नुसता भुरभुरत होता.

"त्या दिवशी मी तुला जा म्हणालो," आबेल म्हणाला. "मग रोज वाटायचं, फोन करावा. पण काय बोलायचं? खरं तर मी तुझ्यावर चिडलोच नव्हतो. मला भीती वाटली होती, आजोबा मोडून पडतील म्हणून... आणि बघ." त्यानं कुंडीकडे पाहिलं. "तू गाळलं असतंस तर हिला कुणी फूल आणलं नसतं."

ओदिलनं डोळे पुसले. तो पुन्हा तू म्हणाला होता.

"आता तुझी पट्टी मोकळी झाली," तो पुढे म्हणाला. "कसलाच हक्क नाही, पायवाट नाही, काही नाही. मला तिकडे यायला कारणच उरलं नाही."

"मग कारणाशिवाय ये."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की आधी तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. आबेलच्या गालावरून पाणी ओघळत होतं ते पुसायचंही त्याला सुचेना.

"मी आलो तर," तो शेवटी म्हणाला, "परत जाणार नाही कदाचित."

"मला चालेल."

तिला आणखीही बरंच बोलायचं होतं, दोन कप कॉफीचं, वाजायच्या आत बंद केलेल्या फोनचं... पण त्यानं तिचा चेहरा आपल्या गार, ओल्या हातांत धरला होता, आणि बोलायला जागाच राहिली नाही.